नदीचं नाव लिहिलेली पत्रिका

डोहाळजेवणाचा सगळ्यात जुना कार्यक्रम म्हणजे सीमंतोन्नयन. आश्वलायन गृह्यसूत्रात त्याची कृती आहे. गरोदर बाईचा भांग पाडायला साळिंदराचा काटा, दर्भाच्या जुड्या आणि न पिकलेल्या फळांचा घोस घ्यायचा. सजावट म्हणाल तर एवढीच. मग वीणा वाजवणाऱ्यांना गायला सांगायचं, आणि त्या गाण्यात आपण ज्या नदीकाठी राहतो तिचं नाव घ्यायचं. बाळ येणार आहे तर ते कुठल्या पाण्याच्या काठी येतंय हे आधी सांगायचं.

आमच्यापुरती ही गोष्ट जरा अवघड आहे, कारण आमची नदी गावावरच आली. पळसदेवचं जुनं गाव भीमेच्या काठी होतं. उजनी धरणाचं काम 1969 ला सुरू झालं आणि 1980 ला संपलं. गाव पाण्यात गेलं आणि नवं गावठाण वर, पुणे-सोलापूर रस्त्याच्या बाजूला बसलं. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुनं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. लोक रील काढायला येतात. आजी मात्र मंदिरापेक्षा आसपासचे चौथरे बघते आणि कुठलं कुणाचं घर ते सांगते.

या हिवाळ्यात चुलत बहिणीचं डोहाळजेवण ठरलं तेव्हा मला हेच चौथरे आठवले. पत्रिका हाताने करायच्या हा हट्ट माझा होता. हिंजवडीत दिवसभर स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला कात्री आणि खळ किती बरी वाटते, हे सांगून कळणार नाही.

आजीला पत्रिका हा प्रकारच पटेना. तिच्या वेळी ‘बोलावणं’ असायचं. दोन सवाष्णी हळदकुंकवाचा करंडा घेऊन निघायच्या, वेशीकडच्या घरापासून सुरुवात, मग भिंतीला भिंत लागून पुढचं घर. दार बंद दिसलं तर कडीला हळदकुंकू लावायचं, म्हणजे बोलावणं पोचलं. यादी नसायची, क्रम गल्लीच लक्षात ठेवायची. आमच्या भाषेत ही लिंक्ड लिस्ट झाली, प्रत्येक घराला फक्त शेजारचं घर माहीत. गाव उठलं आणि घरं नव्या प्लॉटवर, मळ्यात, भिगवणला, पुण्याला पांगली, तेव्हा सगळ्या कड्या एकदम तुटल्या. आजी सांगते की मग पोस्टकार्डं आली. (भारतात पोस्टकार्ड 1 जुलै 1879 ला सुरू झालं, किंमत पाव आणा.) शुभकार्याच्या कार्डाच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, दुःखाची बातमी असेल तर कोपरा फाडलेला असायचा. निरक्षर माणसालाही आत काय आहे ते हातात घेताच कळायचं. इतका चांगला इंटरफेस मी अजून केलेला नाही.

तर आम्ही हातकागदाच्या चाळीस पत्रिका केल्या. आकार नावेचा, कारण डोहाळ्यांत झोपाळ्यातले, चांदण्यातले तसे नावेतलेही असतात. आणि पळसदेवला नाव म्हणजे केवळ हौस नाही, इथे जलाशयात मासेमारी चालते. खाली पत्त्याच्या ओळीत गावाआधी लिहिलं, ‘भीमेकाठी’. मखराला केळीचे खुंट आणि उसाची वाढं, मागे घोटीव कागदाच्या पताका. दुकानदार थर्माकोलची कमान देत होता. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे त्यालाही माहीत होतं. निळे-गुलाबी फुगेही घेतले नाहीत. ज्या देशात गर्भाचं लिंग सांगू नये म्हणून 1994 मध्ये कायदा करावा लागला आणि त्यानंतरही महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुली 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 उरल्या, तिथे मला तो निळा रंग बघवत नाही. पेढा-बर्फीचा खेळ राहिला. त्यावर वाद घालायला बळ नव्हतं.

वाद झाला तो चाळीसाव्या पत्रिकेवर. ती धाकट्या चुलतीची होती. चुलते जाऊन चार वर्षं झाली. जुन्या बोलावण्याची दुसरी बाजू ही: करंडा घेऊन निघालेल्या बायका काही उंबऱ्यांवर थांबतच नसत. ज्या घरात विधवा बाई एकटी, ते घर क्रमात असूनही गाळलं जाई. कुणी नाही म्हणत नसे, फक्त बोलावत नसे. बोलावणं तोंडी असल्यामुळे ते कुठे नोंदलंही जात नसे. कागदावर नाव असतं किंवा नसतं, तेवढा कागदाचा उपयोग.

मी आजीला हेरवाडचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता गिरवायला सांगितलं. आजी म्हणाली, “सरकार ओटी भराया येणार हाय व्हय?” प्रश्न चुकीचा नव्हता.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दोहद’वरून आला. सुश्रुताने गर्भिणीला दोन हृदयांची म्हटलंय. तिची इच्छा मोडली तर बाळाला बाधतं, असं तो सांगतो. म्हणजे या एका दिवशी तरी तिचं ऐकायचं असतं. अर्थात सीतेनेही गंगेकाठचे आश्रम बघायचे डोहाळे सांगितले होते, आणि त्याच निमित्ताने तिला वनात नेऊन सोडलं. तेव्हा मी बहिणीलाच विचारायला लावलं. ती म्हणाली, “काकू नसतील तर मी मखरात बसत नाही.”

आजी बराच वेळ बोलली नाही. मग तिने ती पत्रिका मागून घेतली, चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि म्हणाली, “दे नेऊन. यीलच असं नाय.”

काकू आल्या. सकाळपासून पताका बांधत होत्या, ओटीच्या वेळी मात्र मागे स्वयंपाकघरात गेल्या. बहिणीने मखरातून हाक मारली, दोनदा. त्यांनी खण-नारळाने ओटी भरली, तांदूळ थोडे खाली सांडले. पुढच्या रांगेतल्या दोघी जणी पेढा-बर्फीच्या आधीच उठून गेल्या. बहिणीने वाटी उघडली, बर्फी निघाली.