जाळरेषेवरचे चार महिने

आमच्या चंद्रपूरकडं जंगलाचं वर्ष दोन भागांत मोडतं. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम, आणि उरलेले आठ महिने. माझे मामा या चार महिन्यांचे माणूस. वनखात्याच्या हजेरीपटावर ते 'फायर वॉचर' होते, रोजंदारीचे.

वणव्याशी लढायची ही रीत जुनी आहे. 1861 साली मध्य प्रांत झाला, त्यात आपला चांदा जिल्हाही आला. रेल्वेच्या रुळांखाली टाकायला लाकूड हवं होतं, म्हणून सरकारला जंगल राखायची गरज पडली. त्याच दशकात कर्नल पिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वणवा रोखून दाखवला. पुढं 1878 च्या कायद्यानं राखीव जंगलात आग लावणं गुन्हा ठरलं. 1927 च्या कायद्याचं कलम 79 सांगतं, की जंगलात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी वणवा विझवायला मदत केलीच पाहिजे. म्हणजे विझवणारे हात गावाचेच. लावणारेही पुष्कळदा गावाचेच, हे लपवण्यात अर्थ नाही. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळा पाला फुटावा म्हणून रान जाळतात, आणि आग हातची सुटते.

मामांचं पहिलं काम जाळरेषेचं. होळीच्या आधी पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळू द्यायचं आणि वारा पडला की जाळून टाकायचं. पट्टा मोकळा राहिला तर आग तिथं येऊन थांबते. पण सागाचं मोठं पान पेटतं आणि वाऱ्यावर पट्टा ओलांडून जातं. तिथून पुढं डोकं चालवावं लागतं.

दहावी झाल्यावर एक उन्हाळा मीही त्यांच्यासोबत मजुरीला गेलो. 1979 चा एप्रिल असेल. भर दुपारी टेकडीच्या पायथ्याला धूर दिसला. नवीन साहेब म्हणाले, "वर चढा, माथ्यावर आग अडवू." आम्ही पोरं हिरव्या फांद्या घेऊन निघालो. मामांनी माझा हात धरला.

"साहेब, आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते. वर गेलो तर पोरं सापडतील. पलीकडच्या नाल्यावर जाऊ, तिथून उलटी आग लावू."

"आणि मधलं जंगल?"

"ते जाईल. पोरं राहतील."

साहेब गप्प बसले, मग मान हलवली. आम्ही नाल्याच्या कोरड्या पात्राला धरून आगीच्या वाटेवर समोरून पट्टा पेटवला. दोन्ही आगी भिडल्या आणि खायला काही उरलं नाही तेव्हा खाली बसल्या. अर्धी टेकडी काळी झाली. रात्री वारा पडल्यावर आम्ही जळालेल्या बाजूनं शिरलो आणि धुमसणारे ओंडके माती टाकून विझवले. मामा एवढंच म्हणाले, "दुपारी आगीशी भांडू नोको. तिले रात्री गाठ."

पुढं त्या साहेबांची बढती झाली. वनरक्षक, वनपाल, वनक्षेत्रपाल, अशी ती शिडी आहे. मामा शिडीच्या खालीच उभे. 31 जानेवारी 1996 ला वनमजुरांना कायम करायचा शासन निर्णय निघाला, तेव्हा ते कागद घेऊन कचेरीत गेले. अट होती, 1 नोव्हेंबर 1994 च्या आधीची सलग पाच वर्षं, दरवर्षी 240 दिवस काम. हंगाम मोजला तर 121 दिवसांचा. ज्याला फक्त वणव्याचंच काम मिळालं, तो कितीही वर्षं राबला तरी 240 भरणार कुठून? बाबूनं कागद परत दिले. मामांनी ते घडी करून बंडीच्या खिशात ठेवले, आणि फेब्रुवारी आला तसे पुन्हा जाळरेषेवर गेले.

आता उपग्रहावरून आगीची खबर मोबाइलवर येते. पाला उडवायला ब्लोअर आलेत. आमच्या गावची पोरं वनरक्षकाच्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, चार तासांत 25 किलोमीटर चालायचा सराव करतात. त्यांचं भलं होवो. पण खबर आल्यावर चढावर जायचं की नाल्यावर थांबायचं, हे अजूनही जागेवरच्या माणसालाच ठरवावं लागतं. आणि तिथं आजही कुणीतरी चार महिन्यांचा मजूर उभा असतो.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी धावलेले आम्ही सगळे मात्र म्हातारे झालो, हे त्यांचंच देणं.