यंत्राच्या आधी आली जकात

‘इंग्लंडच्या यंत्रांनी आपला विणकर बुडवला’ हे आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलंय. खोटं नाही ते. पण तारखा शेजारी शेजारी मांडून बघा. स्पिनिंग जेनी आली १७६० च्या दशकात. आणि हिंदुस्थानी कापडाविरुद्धचा इंग्लंडचा मोठा कायदा १७०० सालचा आहे!

तेव्हा लंडनमध्ये आपल्या छापील चिटाची चलती होती. कोरोमंडल किनाऱ्यावरचं, गुजरातचं हे कापड धुतलं तरी रंग सोडत नसे. तिथल्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली आणि संसदेने रंगीत, छापील सुती कापड वापरण्यावर बंदी घातली. माझ्या मते या कायद्यात काय अडवलं यापेक्षा काय सोडलं ते जास्त महत्त्वाचं. कोरं पांढरं कापड जकात भरून आत येऊ शकत होतं. रंगीत मालही लंडनला उतरवून पुढे परदेशी पाठवायची मुभा होती. त्यामुळे कंपनीचा धंदा काही बसला नाही. (आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच कापड गुलामांच्या मोबदल्यात दिलं जाई. त्यावर स्वतंत्र लिहायला हवं.)

आता सांगा, कोरं कापड येतंय पण छापील येत नाही, तर छापण्याचं काम कुणाला मिळणार? लंडनच्या आसपासच्या छपाईवाल्यांना. म्हणजे आपल्या विणकराला मागणी राहिली, पण त्या बाजारापुरतं रंगाऱ्याचं काम गेलं. पुढे १७२१ च्या कायद्याने तिथे छापलेलं सुती कापड वापरायलाही बंदी आली. ती उठली १७७४ मध्ये, तीही फक्त इंग्लंडात विणलेल्या कापडापुरती. ते ओळखू यावं म्हणून त्याच्या काठात तीन निळे धागे घालायचे, असा नियमच होता.

यंत्राचं स्वस्त सूत आल्यावर आपला विणकर अडचणीत येणारच होता, हे मान्य. पण तोवर यंत्रवाल्यांना घरची बाजारपेठ राखून मिळाली होती. आणि यंत्रं जोरात असतानाही, १८१३ साली, तिथे खपणाऱ्या आपल्या पांढऱ्या कापडावर शेकडा ६८ पौंडांहून जास्त जकात होतीच.

इकडे घरातली गत काय? लॉर्ड एलेनबरो यांनी १८३५ मध्ये मांडलेला हिशेब असा: इंग्लंडच्या सुती मालावर हिंदुस्थानात अडीच टक्के. इथल्या मालाला मात्र कापसावर पाच, सुतावर साडेसात, कापडावर अडीच. आणि पांढरं कापड म्हणून परवाना काढून नंतर ते रंगवलं, तर वर आणखी अडीच.