पायांचं काम खांद्यांवर



दिल्लीत आयटीओजवळ एका रस्त्याचं नाव आहे विष्णू दिगंबर मार्ग. महाराष्ट्राबाहेर राहणारा मराठी माणूस अशी पाटी दिसली की जरा थांबतोच. हे आपले कुरुंदवाडचे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. लहानपणी फटाका चेहऱ्याजवळ फुटला आणि डोळे अधू झाले. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. त्यांच्या नावाच्या या रस्त्यावर चार नंबरला केंद्र सरकारची एक संस्था आहे. शरीरानं अपंग झालेल्यांवर तिथे उपचार होतात, कृत्रिम अवयव तयार होतात आणि फिजिओथेरपीचं शिक्षण दिलं जातं. १९७६ मध्ये सरकारनं तिला स्वायत्त केलं. पुढे तिला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचं नाव मिळालं.

आजची गोष्ट याच शहरात संपणार आहे, पण तिचे धागे मुंबई, कोलकाता, सांगली आणि इंग्लंडपर्यंत जातात. विषय आहे खांदा आणि पाठीचा वरचा भाग. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? खांदा दुखतो, आपण शेक घेतो, मलम चोळतो, झालं. पण ज्याचे पाय गेले, त्याच्या खांद्याचा विचार करा. पलंगावरून खुर्चीत जायचं तर हातांवर अंग उचलायचं. खुर्ची ढकलायची ती हातांनी. चालायला देवानं पाय दिले होते, आता ते काम खांद्यांनी करायचं. हे काम खांद्याला किती झेपतं, हा प्रश्न गेल्या शंभरेक वर्षांत हळूहळू समजत गेला. त्याचाच हा इतिहास.

आधी खांद्याची रचना समजून घेऊ. कंबरेचा सांधा म्हणजे खोल वाटीत बसलेला गोळा. खांद्याची वाटी मात्र उथळ आहे, बशीसारखी. त्यामुळे हात सगळीकडे फिरतो, पण त्याला जागेवर धरून ठेवायचं काम हाडं करत नाहीत, स्नायू करतात. शिवाय ती बशी ज्या हाडावर आहे, ते खांद्याचं पातं म्हणजे आपला फरा, हाही बरगड्यांवर सरकत असतो. त्याला मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत पतंगाच्या आकारात पसरलेला ट्रॅपेझियस हा स्नायू आणि बरगड्यांवरचा सेरेटस हा स्नायू मिळून फिरवतात.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या दुशेन या डॉक्टरनं विजेचे हलके झटके देऊन एकेका स्नायूचं काम शोधलं. त्याचं मोठं पुस्तक १८६७ मध्ये आलं. मग १९४४ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात इनमन, सॉन्डर्स आणि अॅबट या तिघांनी एक गाजलेला निबंध लिहिला. हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यात होतात आणि ६० अंश फरा फिरल्यामुळे मिळतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे पाठीचे स्नायू नीट चालले नाहीत, तर खांदा कितीही चांगला असला तरी हात डोक्यावर जाणार नाही. पुढच्या अभ्यासांत हा हिशेब माणसागणिक थोडा बदलताना दिसला, पण मुद्दा टिकून आहे.

आता भारतात येऊ. आपल्याकडे हा प्रश्न आला पोलिओच्या रूपानं. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची मोठी साथ आली. जीव वाचलेल्या मुलांचे हातपाय लुळे पडले आणि त्यांना हालचाल शिकवणारी माणसंच देशात नव्हती. १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा सुरू झाली. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये गल्लोगल्ली फिजिओचे बोर्ड दिसतात. त्या बोर्डांचा वंशवृक्ष काढला तर त्याचं मूळ परळला सापडेल.

पोलिओनं पाय जातात हे आपल्याला माहीत असतं, पण खांदाही जातो. दंडावरचा डेल्टॉइड स्नायू मेला की हात दोरीला बांधलेल्या वस्तूसारखा लोंबकळतो. कोलकात्याचे अस्थिशल्यविशारद डॉ. ए. के. साहा यांनी या प्रश्नाला हात घातला. खांदा चालतो कसा, यावरचं त्यांचं पुस्तक १९६१ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं आणि लुळ्या खांद्यावरच्या शस्त्रक्रियेचा त्यांचा प्रबंध १९६७ मध्ये स्कँडिनेव्हियाच्या अस्थिशास्त्राच्या नियतकालिकानं पुरवणी म्हणून काढला.

साहांनी खांद्याच्या स्नायूंचे तीन गट सांगितले. पहिला गट हात उचलणाऱ्यांचा. दुसरा सुकाणू धरणाऱ्यांचा: हे लहान स्नायू सांध्याला चिकटून असतात आणि गोळा बशीतून घसरू देत नाहीत. तिसरा गट गोळ्याला खाली ओढून धरणाऱ्यांचा. त्यात पाठीवरचा रुंद लॅटिसिमस आणि छातीच्या मोठ्या स्नायूचा खालचा भाग येतो. डेल्टॉइड मेला असेल तर पाठीवरचा शाबूत ट्रॅपेझियस त्याच्या हाडाच्या तुकड्यासकट सोडवून दंडाच्या हाडावर बसवायचा, ही शस्त्रक्रिया त्यांच्या आधीही होत होती. साहांचं म्हणणं असं की एवढ्यानं भागत नाही. सुकाणूचे स्नायूही मेले असतील तर त्यांच्या जागी दुसरे स्नायू आणले पाहिजेत, नाहीतर हात उचलला जाईल पण सांधा जागेवर राहणार नाही. आज अपघातात खांद्याच्या नसा तुटलेल्या माणसांच्या उपचारांत साहांचं नाव जगभर घेतलं जातं. आपल्याला मात्र ते शाळेत कोणी सांगितलं नाही.

हे तिन्ही गट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

१९६५ सालात दोन तरुण सैनिकांच्या आयुष्याला एकाच युद्धानं वळण दिलं. पहिले हरी पाल सिंग अहलुवालिया. कॅप्टन एम. एस. कोहली यांच्या मोहिमेतून २९ मे १९६५ ला ते एव्हरेस्टवर पोहोचले. काही महिन्यांतच पाकिस्तानशी युद्ध झालं. गोळी लागून मज्जारज्जूला इजा झाली आणि जगाच्या सर्वोच्च जागी पायांनी गेलेला माणूस व्हीलचेअरवर आला.

दुसरे मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ईएमई दलात कारागीर होते आणि मुष्टियुद्ध खेळायचे. युद्धात त्यांना नऊ गोळ्या लागल्या. त्यांतली एक कण्यापाशी अडकून राहिली आणि कमरेखालचा भाग अधू झाला. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार झाले. व्यायाम म्हणून पाण्यात उतरले आणि पोहायलाच लागले.

इथे इंग्लंडची वाट घ्यावी लागते. पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक फार जगत नसत. बेडसोर आणि लघवीचा संसर्ग त्यांना मारत असे. १९४४ मध्ये लंडनजवळ स्टोक मँडेव्हिल इथे लुडविग गुटमन या जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यू डॉक्टरनं कण्याच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, बसवायचं, काम द्यायचं आणि खेळायला लावायचं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिम्पिकचं उद्‌घाटन चालू असतानाच, गुटमननी रुग्णालयाच्या मैदानावर सोळा जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. धनुष्यच का? दोरी ओढताना खांदे आणि पाठीचा वरचा भाग कसून काम करतो, आणि नेमक्या त्याच स्नायूंवर या माणसांचं पुढचं आयुष्य उभं राहणार होतं. त्या स्पर्धेतून पुढे पॅरालिम्पिक खेळ निघाले.

पेटकर १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला गेले, टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीत हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. खालच्या अंगाची साथ नसताना पाणी मागे ओढलं ते छातीच्या आणि पाठीच्या स्नायूंनी, साहांच्या तिसऱ्या गटानं. देशाला मात्र त्यांची आठवण उशिरा झाली. २०१८ मध्ये पद्मश्री आणि २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे पदकानंतर ५२ वर्षांनी, अर्जुन जीवनगौरव. दोन्ही सन्मान दिल्लीतच झाले.

अहलुवालिया उपचारांसाठी स्टोक मँडेव्हिलला गेले होते. तिथे जे पाहिलं ते आपल्या देशात नाही, ही बोच त्यांच्या मनात राहिली. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकीला १९७४ मध्ये पुनर्वसन केंद्र झालं होतं. पण झाडावरून पडलेला मजूर, स्कूटरवरून आपटलेला विद्यार्थी यांनी कुठे जायचं? अहलुवालियांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि इटलीच्या सरकारच्या मदतीनं १९९७ मध्ये दिल्लीत वसंत कुंजला इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर उभं राहिलं. उपचारांबरोबर तिथे पुनर्वसनशास्त्राचं शिक्षण आणि संशोधनही चालतं. १४ जानेवारी २०२२ ला अहलुवालिया गेले.

इथपर्यंतची गोष्ट विजयाची वाटते. माणसं मरायची ती जगू लागली. पण त्यातूनच नवा प्रश्न निघाला. पूर्वी कण्याचा रुग्ण वीस-तीस वर्षं जगतच नसे, त्यामुळे वीस वर्षं पायाचं काम करून खांद्याचं काय होतं, हे कोणी पाहिलेलंच नव्हतं. १९७९ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी व्हीलचेअर वापरणाऱ्यांना पत्रं पाठवून विचारलं, तेव्हा सुमारे निम्म्यांनी खांदा दुखतो असं कळवलं. १९८७ मध्ये अमेरिकेत ९४ रुग्ण तपासले. त्यांतल्या ३१ जणांना खुर्चीतून पलंगावर जाताना खांद्यात कळ येत होती. त्या क्षणी सांध्याच्या आतला दाब मोजला तर तो रक्तवाहिन्यांतल्या दाबाच्या अडीचपटीहूनही जास्त भरला.

असं का होतं ते साहांच्या तीन गटांवरून कळतं. हातांवर अंग उचललं की शरीराचा सगळा भार दंडाचा गोळा वर, खांद्याच्या छताकडे ढकलतो. गोळ्याला खाली धरणारे आणि फरा मागे ठेवणारे स्नायू थकले, की मधली शिर चिमटते, झिजते आणि शेवटी फाटते. तुमचा-माझा खांदा दुखला तर आपण हात गळ्यात बांधून आठवडाभर बसू. त्या माणसानं खांदा बांधला तर तो पलंगावरून उतरणारच नाही. ज्या दिवशी खांदा जातो, त्या दिवशी पाय दुसऱ्यांदा जातात.

मग उपाय काय? आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतात. भार वाहणारा खांदा जपावा लागतो, हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. फिजिओथेरपीनं तेच मोजून-मापून तपासलं. २०११ मध्ये अमेरिकेत खांदा दुखणाऱ्या ८० पॅराप्लेजिक रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला बारा आठवडे घरच्या घरी खांदा आणि पाठीचे स्नायू बळकट करायचे, ताणायचे व्यायाम दिले, शिवाय खुर्ची कशी ढकलायची, अंग कसं उचलायचं हे शिकवलं. दुसऱ्या गटाला तासाभराचा माहितीचा व्हिडिओ दाखवला. पहिल्या गटाचं दुखणं सुमारे एक तृतीयांशावर आलं. दुसऱ्याचं होतं तिथेच राहिलं. मंडळी, मी व्हिडिओ करणारा माणूस, तरी सांगतो: नुसता व्हिडिओ पाहून खांदा बरा होत नाही!

पण व्यायामालाही मर्यादा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी खांदा वाचवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हलकी खुर्ची, चाकाला लांब आणि सावकाश रेटा आणि हातांवर अंग उचलण्याच्या वेळा कमी करणं यांवर भर आहे. म्हणजे खांदा मजबूत करा, पण त्याच्यावरचा भारही कमी करा. आणि तो भार कोण ठरवतं? रुग्ण नाही. उंबरठा, पायरी, बसचा दरवाजा, सार्वजनिक शौचालय हे ठरवतात.

२००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले. त्यांना कुतुबमिनार, जंतरमंतर पाहायचं होतं, म्हणून घाईघाईनं लाकडी उतार बसवले गेले. अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी तेव्हा विचारलं: पाहुण्यासाठी होतं, ते आमच्यासाठी का नाही? अपंगांच्या हक्कांचा कायदा तर १९९५ मध्येच झाला होता. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, दिल्ली मेट्रो सुरू झाली ती लिफ्ट आणि उतार घेऊनच. कुतुबलाही पुढे कायमचे उतार झाले. २०१६ मध्ये नवा, अधिक व्यापक कायदा आला. पण मेट्रोच्या लिफ्टमधून बाहेर पडून फुटपाथवर चढायचं म्हटलं, की दिल्लीत काय किंवा पुणे-नागपुरात काय, गोष्ट पुन्हा खांद्यावर येते.

दुशेनपासून वसंत कुंजपर्यंत या सगळ्या माणसांनी एकच गोष्ट शोधली: खांदा पायाचं काम करू शकतो, पण त्याची किंमत मोजतो. त्यातली अर्धी किंमत फिजिओ कमी करू शकतो. उरलेली अर्धी इमारत बांधणाऱ्याच्या, सोसायटीच्या कमिटीच्या, नगरपालिकेच्या हातात आहे. आज घरी गेलात की आपल्या इमारतीच्या दाराशी किती पायऱ्या आहेत, तेवढं मोजा. उतार नसेल तर पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा.

आज इथेच थांबतो. पुढच्या भागात भेटू.