असईचा संग्राम आणि बॅरन बेटाचा धूर

इ. स. १८०३ मधील २३ सप्टेंबर ही तारीख मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास सुपरिचित आहे. सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, केळना व जुई या नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्या एका दिवसाविषयी पत्रे, नकाशे, मृतांच्या याद्या असे विपुल साहित्य उपलब्ध आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जेम्स हॉर्सबर्ग या नाविकाने अंदमान समुद्रातील बॅरन बेटावरचा ज्वालामुखी दर दहा मिनिटांनी स्फोट पावताना व काळ्या धुराचा स्तंभ उंच चढताना पाहिला. या घटनेला मात्र त्याच्या त्रोटक टिपणाचाच काय तो आधार. दोहोंत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. परंतु जेथे मनुष्यवस्ती नाही तेथील इतिहासाची साधने किती विरळ असतात, हे या योगायोगाने ध्यानी येते.

असईच्या रणभूमीखालील काळा पाषाणही मुळात लाव्हाच होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून थरांवर थर पसरत हा दख्खनचा पाषाण साकारला. आजही त्याने सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. ते अग्निकांड कायमचे शमले असल्याने येथे पाळत ठेवण्याजोगे काही उरले नाही. तरीही केवळ आकारावरून होणारा भ्रम किती चिवट असतो, हे मंठा तालुक्याच्या शेजारच्या लोणार सरोवराने दाखविले. त्याचे विवर ज्वालामुखीजन्य असल्याचे मत एकोणिसाव्या शतकापासून प्रचलित होते. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आघाताने पालटलेल्या खनिजांचा व काचेचा पुरावा पुढे आला, तेव्हा ते उल्कापाताचे फलित ठरले.

बॅरन बेटाचे तसे नाही. १७८७ साली कोलब्रुकने व १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअरने तेथील धूर पाहिला. ब्लेअरला तप्त शिळा उसळतानाही दिसल्या. पुढे उद्रेक मंदावला. नंतरच्या पाहुण्यांनी किनाऱ्यावरील उष्ण झऱ्याचे तापमान पाहण्यास आरंभ केला. व्हॅलेंटाईन बॉल १८७३ साली तेथे गेला, आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या मॅलेटचा या बेटावरील ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. झरा उत्तरोत्तर निवत असल्याचे या नोंदींवरून दिसते. पर्वताच्या अंतरंगाची परीक्षा घेण्याची ही साधी परंतु शास्त्रशुद्ध रीत होती. त्यानंतर दीर्घ मौन. मात्र हे मौन पर्वताचे किती व निरीक्षकांचे किती, हा विवेक इतिहासकाराने केलाच पाहिजे. कोणी न पाहिलेला किरकोळ धूर दप्तरात येत नाही. म्हणून ‘दीड शतकाहून अधिक काळ निद्रिस्त’ हे प्रचलित विधान मोठ्या उद्रेकांपुरतेच निःशंकपणे मान्य करता येते.

१९९१ साली ज्वालामुखी पुन्हा जागृत झाला. १९९४-९५ मध्ये व २००५ पासून उद्रेक होत राहिले. डिसेंबर २००४ च्या महाभूकंपानंतर पाचच महिन्यांनी २००५ चा उद्रेक झाल्याने दोहोंचा संबंध सुचविला जातो. संबंध अशक्य नाही. पण केवळ पाठोपाठ घडणे म्हणजे प्रमाण नव्हे. हा पर्वत त्याआधी दोनदा भूकंपाची वाट न पाहता जागा झाला होता. आता उपग्रह उष्णतेच्या प्रारणांवरून व राखेच्या ढगांवरून दुरून टेहळणी करतात, त्यामुळे नोंदींतील जुन्या पोकळ्या बऱ्याच भरून निघतात. मात्र ढग आड आले की उष्णता टिपणारी ही दृष्टीही अडते.

जहाजावरील डोळ्यांचे काम त्यामुळे संपलेले नाही. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखालील पथक ‘सिंधु संकल्प’ नौकेवरून बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत असता ज्वालामुखीने अकस्मात राख ओकण्यास प्रारंभ केला. दिवसा केवळ राखेचे लोट दिसत. सूर्यास्तानंतर तांबड्या लाव्हाचे कारंजे दृष्टीस पडले. एकेक उद्रेक पाच ते दहा मिनिटे टिकत होता. हॉर्सबर्गच्या टिपणातील दहा मिनिटांशी हा आकडा ताडून पाहण्याचा मोह होतो. पण त्याने मोजले ते दोन स्फोटांमधील अंतर, आणि या पथकाने नोंदविला तो एका उद्रेकाचा कालावधी.