खोट्या चिठ्ठीमागचा रानपिंगळा

सातपुड्यातला रानपिंगळा कित्येक दशके कोणालाच दिसला नाही, असे पक्षीशास्त्राची पुस्तके सांगत. ‘कोणाला’ म्हणजे अर्थातच नोंद ठेवणाऱ्यांना. तोरणमाळच्या उतारावर गुरे चारणारे पावरा आणि भिल्ल त्या हिशेबात धरलेले नव्हते.

या छोट्या घुबडाचा पहिला नमुना ब्ल्युइट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने डिसेंबर 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडातल्या फुलझरजवळ मिळवला. ॲलन ह्यूम यांनी पुढच्याच वर्षी ती नवी जात म्हणून जाहीर केली आणि तिला ब्ल्युइटचे नाव दिले. मग खानदेशात मुलकी सेवेत असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांना शहादा-तळोदा भागातल्या जंगलात हे पक्षी सापडले. त्यांनी नमुने गोळा केले आणि पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादीही छापली. शेवटचा खात्रीचा नमुना 1884 चा. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. म्हणजे संस्थेने बाळसे धरण्याआधीच पक्षी कागदावरून गायब!

जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने उरले. त्यातल्या एकावर चिठ्ठी होती: 1914, मांडवी, तापीकाठ, गुजरात. संग्राहक कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन. हे नाव वजनदार होते. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी 1937 साली त्यांच्यासोबत अफगाणिस्तानात पक्ष्यांची मोहीम केली होती. अशा माणसाची चिठ्ठी खोटी असेल असा संशय कोण घेणार? खरे तर लंडनच्या संग्रहालयाने नमुन्यांच्या चोरीच्या संशयावरून याच कर्नलला काही काळ पक्षीदालनात येण्यास बंदी केली होती. पण मोठ्या माणसांच्या अशा गोष्टी दालनाबाहेर फारशा जात नाहीत. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ली यांनी 1970 च्या दशकात रानपिंगळ्याचा शोध घेतला; हाती काही लागले नाही. जात नामशेष झाली असावी, असे बोलले जाऊ लागले.

अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन संग्रहालयांतले जुने नमुने तपासत होत्या. कर्नलच्या रानपिंगळ्याची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा आतल्या भरणीच्या खुणा डेव्हिडसनच्या हातच्या निघाल्या. जुना नमुना चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! चोरी एका कातडीची, पण तिने तीस वर्षांनी पुढचा पुरावा उभा केला आणि तोही चुकीच्या गावचा.

मांडवी यादीतून वगळल्यावर खऱ्या जागा तेवढ्या उरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन आणि त्यांचे सहकारी बेन किंग व डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले. तिथे काही न दिसल्यावर ते खानदेशात आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी किंग यांची नजर एका निष्पर्ण झाडावर गेली: डोक्यावर जवळजवळ ठिपके नाहीत, छातीवर गडद तपकिरी पट्टा, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले, पंजे दणकट. गावातल्या वडा-पिंपळावर बसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याहून हा स्पष्ट वेगळा होता. 113 वर्षांनी रानपिंगळा पुन्हा नोंदवहीत आला, आणि तो डेव्हिडसनच्याच मुलखात. हा पत्ता शंभर वर्षे छापील होता, हे वाचून आजही हळहळ वाटते.

पुढे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या राखीव जंगलात अभ्यास केला. हे घुबड भरदिवसा वावरते, सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसते आणि सरडे, उंदीर, किडे टिपते, हे तेव्हा नीट कळले. मेळघाटातही त्याची वस्ती सापडली. सागाच्या विरळ रानात शेतीसाठी होणारी तोड आणि घुबडाला अपशकुनी मानून किंवा जादूटोण्यासाठी मारणे, हे त्याचे मुख्य शत्रू.

मुंबईकरांना चकित करणारी नोंद 2014 ची. तानसा अभयारण्यात, म्हणजे ज्या तलावाचे पाणी 1892 पासून शहराला मिळते त्याच्या काठच्या जंगलात, रानपिंगळा दिसला. मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांमागे कांदळवनात दुर्बीण लावून बगळे-खंड्या मोजणाऱ्यांना आता सातपुडा गाठायची गरज उरली नाही. ठाणे जिल्ह्यातच सोय झाली. 2018 मध्ये या घुबडाला ‘अतिसंकटग्रस्त’ ऐवजी ‘संकटग्रस्त’ या गटात घातले गेले. ही बढती मुख्यतः नव्या जागा सापडल्यामुळे मिळाली. तोरणमाळच्या उतारावरची कुऱ्हाड मात्र थांबलेली नाही.