घरगुती संगणकावरील जुनी लष्करी विमाने आणि इतिहासाचा अभ्यास : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

महाड व पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील तालुके सावित्रीच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. या परिसराची सैनिकी परंपरा जुनी आहे. महाड तालुक्यातील आंबवडे हे गाव तर ‘फौजी आंबवडे’ याच नावाने ओळखले जाते. ही परंपरा प्रामुख्याने पायदळाची असल्यामुळे लष्करी विमान हा विषय येथील विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकातील छायाचित्रापलीकडे फारसा परिचित नाही. घरगुती संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरने ही उणीव काही अंशी भरून काढली आहे. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सिम्युलेटरची वाटचाल

अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच उड्डाणाचे शिक्षण देणारे यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. त्यामुळे पेटीच्या भात्यासारख्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या रचनेचा उपयोग त्यांनी या यंत्रात केला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी ‘लिंक ट्रेनर’ मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. पुढे ब्रूस आर्टविक यांनी १९७९ मध्ये घरगुती संगणकासाठी फ्लाइट सिम्युलेटर उपलब्ध करून दिला, तर १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टची पहिली आवृत्ती आली. राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त २००३ मध्ये निघालेल्या आवृत्तीत जुन्या विमानांना विशेष स्थान मिळाले. त्यांत डग्लस डीसी-३ हे विमान होते. याच विमानाचे लष्करी रूप भारतीय हवाई दलात ‘डाकोटा’ या नावाने प्रसिद्ध होते.

डाकोटा : एक उदाहरण

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी डाकोटा विमानांनी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान श्रीनगरला उतरविले. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांच्यासह डाकोटा लेह येथील कच्च्या धावपट्टीवर उतरविले. ग्रंथात ही घटना एका वाक्यात संपते. ते वाक्य किती भारी आहे, हे सिम्युलेटरवर कळते. लेहची उंची सुमारे ३,३०० मीटर असून तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के भरते. परिणामी इंजिनाची शक्ती घटते आणि धावपट्टीवरील धाव लांबते. डाकोटाचे तिसरे चाक शेपटीखाली असल्याने आडव्या वाऱ्यात दिशा राखण्यासाठी वैमानिकाला पायांनी सुकाणू सतत सांभाळावे लागते. मेहर सिंगांचे धाडस केवळ विशेषणांनी सांगण्याऐवजी असे मोजून दाखविता येते.

हाच प्रयोग परिचित भूमीवरही करता येतो. महाड समुद्रसपाटीच्या जवळ आहे, तर महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे. सरळ रेषेत हे अंतर जेमतेम ३० किलोमीटर भरते. ताशी २४० किलोमीटर वेगाने ते साडेसात मिनिटांत संपते आणि तेवढ्या अवधीत विमानाला घाटमाथा गाठावा लागतो. आंबेनळी घाटाने पायी किंवा एस.टी.ने गेलेल्या विद्यार्थ्याला या आकड्यांचा अर्थ सहज उमगतो. झोजी ला खिंडीची उंची ३,५०० मीटरहून अधिक आहे, हे सांगितल्यावर तो काश्मीरच्या मोहिमेची तुलना स्वतःच करू लागतो.

साधनाच्या मर्यादा

सिम्युलेटरला प्राथमिक साधन मानता येणार नाही. त्यातील विमान हे माहितीपुस्तिका, चाचण्यांच्या नोंदी आणि रचनाकाराचे अंदाज यांवरून घडविलेले असते. भूप्रदेशाचेही तसेच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार-मोजणीची माहिती अनेक सिम्युलेटरांनी वापरली. प्रारंभी ती सुमारे ९० मीटर अंतरावरील बिंदूंच्या स्वरूपात उपलब्ध होती. अशा जाळीतून प्रतापगडाचा कडा साधा उतार होऊन जातो. या दृष्टीने सिम्युलेटरचे स्थान बखरीसारखे आहे. बखर टाकाऊ नसते, परंतु कागदपत्रांशी ताडून पाहिल्याखेरीज ती स्वीकारताही येत नाही.

याहून गंभीर मर्यादा वेगळीच आहे. डाकोटात साधारणतः २८ सैनिक बसत. सिम्युलेटरमध्ये हे सैनिक केवळ वजन म्हणून येतात. प्रत्येकी ९० किलोग्रॅम धरल्यास सुमारे २,५०० किलोग्रॅम, एवढीच त्यांची नोंद. काश्मीरच्या त्या मोहिमेत मराठा आणि महार रेजिमेंटच्या तुकड्याही लढल्या. कोकणातील असंख्य घरांचे नाते याच दोन रेजिमेंटशी आहे. म्हणजे ज्या समाजाचा इतिहास येथे अभ्यासायचा, तोच या साधनात वैमानिकाच्या पाठीमागील एक आकडा होऊन बसतो. जवानांची भीती, थंडी, घरी पाठविलेली पत्रे व मनिऑर्डरी यांचे गणित कोणत्याही संगणकात भरलेले नाही.

समारोप

भारतीय हवाई दलाने २०१८ मध्ये आपल्या जुन्या विमानांच्या ताफ्यात एक डाकोटा दाखल करून घेतले. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि १९४७ मध्ये श्रीनगरला उतरलेल्या विमानाचा व्ही.पी. ९०५ हा क्रमांक देण्यात आला. प्रत्यक्ष उडणारे हे विमानदेखील एका अर्थाने स्मृतीची पुनर्रचनाच आहे. सिम्युलेटरचा उपयोग याच मर्यादेत व्हावा. ‘हे किती कठीण होते?’ या प्रश्नाचे उत्तर तो चांगले देतो. ‘ते कोणी सोसले?’ या प्रश्नासाठी मात्र गावोगावच्या निवृत्त सैनिकांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या आठवणी, सेवापुस्तिका आणि पत्रे यांकडेच वळावे लागेल. १९४७-४८ ची पिढी जवळजवळ अस्तंगत झाली आहे. सिम्युलेटरवरील डाकोटा उद्याही उडविता येईल, परंतु या घरांतील पत्रे उद्या मिळतीलच असे नाही. म्हणून महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे संकलन प्रथम हाती घेणे अगत्याचे आहे.