'बिम' प्रणाली आणि बांधकामविषयक तंटे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

बांधकाम व्यवसाय आणि तंटे यांचे नाते जुने आहे. वास्तुविशारद, संरचना अभियंता आणि पाणी, वीज, वातानुकूलन यांचे तज्ज्ञ आपापले नकाशे स्वतंत्रपणे तयार करीत. कागदावर न जाणवलेली विसंगती प्रत्यक्ष जागेवर उघड होई. जेथे तुळई तेथेच नळ येई, काम थांबे आणि वाढीव खर्च कोणी सोसावा यावरून वाद होई. ही विसंगती आधीच दाखविणारे साधन म्हणून 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' म्हणजेच 'बिम' पुढे आले. या साधनाने तंटे कमी केले की त्यांचे स्वरूप बदलले, याचा विचार प्रामुख्याने ब्रिटनच्या अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा उगम

इमारतीचे एकच संगणकीय वर्णन तयार करावे आणि सर्व नकाशे त्यातूनच काढावेत, म्हणजे एका ठिकाणचा बदल सर्वत्र उतरेल, हा विचार अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये मांडला. 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' ही संज्ञा व्हॅन नेदरवेन व टोलमन यांच्या १९९२ च्या लेखात आढळते.

ब्रिटनमधील दोन प्रवाह

ब्रिटनमध्ये सर मायकेल लॅथम यांच्या १९९४ च्या अहवालाने बांधकाम क्षेत्रातील वैरभावावर बोट ठेवले व सहकार्याचा आग्रह धरला. त्यानंतर १९९६ चा कायदा आला आणि मे १९९८ पासून तो अमलात आला. त्यानुसार कोणत्याही पक्षास केव्हाही वाद तटस्थ निर्णायकाकडे नेता येतो. निर्णय सामान्यतः २८ दिवसांत मिळतो आणि न्यायालय वा लवाद अंतिम निवाडा देईपर्यंत तो बंधनकारक असतो. दुसरा प्रवाह २०११ च्या शासकीय धोरणाचा होय. त्याने केंद्र शासनाच्या प्रकल्पांत २०१६ पर्यंत बिमचा वापर अपेक्षिला. पहिल्या प्रवाहाचा भर तंटा लवकर मिटविण्यावर होता, तर दुसऱ्याचा तो उद्भवूच न देण्यावर.

तंट्याचे बदललेले स्वरूप

तथापि प्रतिमान अचूक असले म्हणजे वाद टळतोच असे नाही. २०११ मध्ये प्रकाशात आलेल्या अमेरिकेतील एका विद्यापीठ इमारतीच्या प्रकरणात छतावरील सर्व नळ-वाहिन्या प्रतिमानात नेमक्या बसत होत्या. मात्र त्या विशिष्ट क्रमानेच बसविणे आवश्यक होते. हा क्रम कंत्राटदारास सांगितला गेला नाही. सुमारे ७० टक्के जोडणी झाल्यावर जागा संपली आणि प्रकरण तडजोडीने मिटवावे लागले. उणीव होती ती संवादाची.

याहून मूलगामी प्रश्न २०१७ च्या ट्रँट इंजिनिअरिंग विरुद्ध मॉट मॅकडोनल्ड या खटल्यात पुढे आला. फॉकलंड बेटांवरील लष्करी तळाच्या वीजकेंद्राची आरेखन-माहिती एका सामाईक संगणकीय भांडारात होती व त्याचे नियंत्रण सल्लागार संस्थेकडे होते. देयकांवरून वाद होताच सल्लागारांनी कंत्राटदाराचा प्रवेश बंद केला. लंडनच्या न्यायालयाने कंत्राटदारास ४,७५,००० पौंड न्यायालयात भरण्याची अट घालून प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. पूर्वी नकाशांची प्रत कंत्राटदाराच्या हाती असे. येथे माहितीची किल्लीच दबावाचे साधन ठरली.

निष्कर्ष

बिममुळे मोजमापांची विसंगती आधी कळते आणि कोणता बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते. तंटा सोडविताना ही नोंद महत्त्वाचा पुरावा ठरू शकते. परंतु माहितीची मालकी, तिच्यापर्यंतचा प्रवेश आणि चुकीची जबाबदारी हे प्रश्न संगणक सोडवीत नाही. ते करारानेच सोडवावे लागतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०१३ साली करारास जोडावयाची बिम-नियमावली तयार झाली आणि २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. नागपूर मेट्रोसारख्या प्रकल्पांतून ही प्रणाली महाराष्ट्रातही आली आहे. वाद उद्भवला तरी सामाईक माहितीचे दार कोणासही एकतर्फी बंद करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद आपल्या करारांत आरंभीच असणे हिताचे ठरेल.